पांढरीच्या पोटातलं तेल

गाडीच्या डॅशबोर्डवर एक तांबडा दिवा असतो. त्यावर चहाच्या किटलीसारखं चित्र असतं आणि तोटीतून एक थेंब पडताना दाखवलेला असतो. इतकी वर्षं गाडी चालवून हा दिवा नेमका कुठे असतो हे मला माहीत नव्हतं, आणि मी सुखात होतो. दसरा चौकात सिग्नलला थांबलो असताना तो लुकलुकला, आणि ते सुख संपलं.

मी भित्रा आहे असं माझी बायको त्रिशला सगळ्यांना सांगते. ते साफ खोटं आहे. मी अनुभवी आहे. उभी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली. लोक सकाळी पेपर वाचतात, मी अपघात वाचत आलो. डोक्यात नारळ पडलेला माणूस, विहिरीत गेलेली म्हैस, स्वतःच्याच रोडरोलरखाली स्वतःची स्कूटर घातलेला ठेकेदार, सगळे माझ्या टेबलावरून गेलेत. तेलावाचून इंजिन जाम झालेली एक जीपही मी डोळ्यांनी बघितली आहे. मालक शेजारी उकिडवा बसून सांगत होता, "दिवा लागत होता सायेब, पण मला वाटलं डेकोरेशनचा असंल." ज्यानं हे बघितलंय त्याला झोप कशी लागावी?

एरवी मी गाडीवर कापड घालून रिक्षानं फिरलो असतो. पण पुढच्या आठवड्यात आजऱ्याला जायचं होतं. आमच्या एकुलत्या एक लेकीला, अपूर्वाला, पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं होतं. लेकीला सासरहून आणायला माहेरचा जो माणूस जातो त्याला मुराळी म्हणतात, आणि आमच्या घरात मुराळी म्हणून जाईल असा पुरुष मी एकटाच.

त्यातून व्याह्यांचा फोन आला. नेमिनाथ अण्णांचा आजऱ्यात काजूचा कारखाना आहे, आणि दारात एवढ्या गाड्या, की कुठली कुणाची ते त्यांनाही विचारावं लागतं. "मगदूमसाहेब, उगाच तरास कशाला? आमची मोठी गाडी पोरीला आणून सोडंल की. तुमची गाडी आता... जुनी झाली." 'आता' आणि 'जुनी' यांच्यामध्ये ते जेवढे थांबले, तेवढ्यात माझा संपूर्ण अपमान मावला. त्यांनी जागा शिल्लकही ठेवली नाही.

"काही गरज नाही," माझ्याआधी त्रिशलाच फोनवर बोलली. "आपली पोर आपल्या गाडीतनं येईल."

अपूर्वाचंही तेच. "पप्पा, मी पांढरीतनंच येणार. जन्मले तेव्हा दवाखान्यातनं मला पांढरीतच घरी आणलं होतं ना?" पांढरी म्हणजे आमची गाडी. रंग आता पांढरा राहिलेला नाही, पण नाव बदलत नाही. हिशेब करा, गाडी माझ्या लेकीहून थोरली. आणि तीत बसून एक गरोदर पोर आजऱ्याचे चढउतार पार करणार, तांबडा दिवा लुकलुकत असताना! मी फोन ठेवला आणि पाणी प्यालो.

गल्लीच्या तोंडाशी सम्राटचं गॅरेज आहे. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून नाकाशी धरली आणि डॉक्टरसारखा गप्प झाला. डॉक्टर गप्प झाला की मला दरदरून घाम येतो.

"इंजिन झिजलंय काका. त्याल बदलाय पायजे. घट्ट घातलं तर दिवा जाईल, पण सकाळी उठाय कुरकुर करंल. पातळ घातलं तर पळंल, पण धूर मारंल आणि दिवा ऱ्हाईल. सांगा, कुठलं घालू?"

"अरे, मेकॅनिक तू का मी?"

"गिऱ्हाईक म्हणंल ते घालतो आपण," सम्राट म्हणाला आणि हात पुसत दुसऱ्या गाडीखाली शिरला.

गाडीबरोबर आलेलं पुस्तक शोधून काढलं. त्यात तेलाचा तक्ता होता, आणि उणे वीस अंशाला काय घालावं तेही होतं. कोल्हापुरात उणे वीस झालं तर माझी चिंता तेलाची नसेल. त्यातनं एवढंच कळलं, की डब्यावर ट्वेंटी-फिफ्टी असलं की तेल घट्ट, फाइव्ह-थर्टी असलं की पातळ, आणि मध्ये ट्वेंटी-फॉर्टी नावाचं एक मध्यममार्गी तेल आहे.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. मग मी एक चूक केली. हा प्रश्न दुधाच्या कट्ट्यावर मोठ्यानं विचारला.

ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे म्हैस रस्त्यावर आणून डोळ्यांदेखत पिळतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. ग्लास तोंडाला लावायच्या आधी माणूस तो तिरका करून बघतो. दूध घट्ट असलं तर दूधवाला सज्जन, पातळ असलं तर त्याच्या सात पिढ्या निघतात. अशा ठिकाणी मी विचारलं, "इंजिनात तेल घट्ट घालावं का पातळ?"

"ह्ये काय इचारनं झालं?" सयाजी वस्ताद म्हणाले. वस्ताद म्हणजे आमच्या गल्लीतल्या वरच्या तालमीचे कर्तेकरविते. मान आणि डोकं एकाच रुंदीचं, आणि ते कधी कुणाला काही विचारत नाहीत, सांगतात. त्यांनी कट्ट्याशीच लावलेल्या पांढरीची पट्टी काढायला लावली, तेल दोन बोटांत चोळलं आणि थुंकल्यासारखं तोंड केलं. "ह्ये त्याल हाय व्हय? पानी हाय की निव्वळ! म्हाताऱ्या पैलवानाला ताक पाजून उभा ऱ्हाईल काय? घट्ट घाला. त्यापेक्षा घट्ट मिळालं तर त्ये घाला."

"काका, ह्यांचं ऐकू नगा," मागून कृष्णात म्हणाला. कृष्णात खालच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच; आमच्याकडे तालमीला आखाडा असतो तसा फुटबॉलचा संघही असतो. त्याच्या जगात जे काही चांगलं आहे ते हलकं आणि चपळ असतं. "घट्ट घातलं की इंजिन झोपतंय. गाडीला पळायचं हाय, कुस्ती न्हाई धरायची. पातळ घाला, सुसाट सुटंल. पोरीला आणायचंय का पालखी मिरवायचीय?"

"मंजे आमी झोपतो व्हय?" वस्ताद उठून उभे राहिले.

आणि ईर्षा सुरू झाली. कोल्हापुरात भांडण मिटतं, ईर्षा मिटत नाही. आमच्या दोन तालमींत दहीहंडीपासून मिरवणुकीतल्या नंबरापर्यंत ईर्षा आहेच. त्यात आता माझ्या इंजिनाची भर पडली. आमचं घर दोन्ही तालमींच्या बरोबर मध्ये. अंगणात सावली यांच्या भिंतीची, नळाचं कनेक्शन त्यांच्याकडून. एकाला दुखावलं तर सावली जाईल, दुसऱ्याला दुखावलं तर पाणी.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर माझा पासपोर्ट फोटो होता, ज्यात मी आधीच घाबरलेला दिसतो, आणि खाली 'घट्ट विचारांचा घट्ट माणूस! मगदूम सायबांना प्रवासाच्या घट्ट शुभेच्छा. वरची तालीम.' दुपारपर्यंत समोरच्या खांबावर दुसरा लागला. फोटो तोच, पण डोळ्यांवर काळा गॉगल चढवलेला, आणि 'काकांची पांढरी सुटणार सुसाट, जाळ अन् धूर संगटच! खालची तालीम.' जाळ आणि धूर! ज्या माणसानं आयुष्यभर जळलेल्या गाड्यांचे क्लेम बघितले, त्याच्या फोटोखाली! मला जेवण गेलं नाही.

सम्राटकडे परत गेलो तर तो हात जोडून उभा राहिला. "काका, माझं गॅरेज दोन्ही तालमींच्या मधी हाय. मी तुमच्या गाडीला हात बी लावत न्हाई. तुमचं काय जातंय, तुमी आजऱ्याला जाशीला, मला हितंच ऱ्हायचंय."

शेवटी मी जे केलं त्याला त्रिशला पळपुटेपणा म्हणते, मी मुत्सद्देगिरी म्हणतो. गावाकडे जातो म्हणून पांढरीला कुरुंदवाडला नेलं, माझ्या चुलतभावाच्या ओळखीच्या गॅरेजात जुनं तेल काढलं आणि मध्यममार्गी ट्वेंटी-फॉर्टी भरलं. येताना सिग्नलला मुद्दाम थांबत आलो. दिवा लागला नाही. मला इतकं बरं वाटलं, की मागचे लोक हॉर्न वाजवत होते तेही गोड वाटलं.

गल्लीत शिरताच वस्तादांनी विचारलं, "घातलं न्हवं आमचं?" त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो हात बघितलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. मी मान हलवली. पुढच्या कोपऱ्यावर कृष्णातनं विचारलं, "घातलं न्हवं काका?" मी तीच मान पुन्हा हलवली. दोन्ही तालमींत त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही दोन्हीकडचे खाल्ले.

निघायच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली निरोपाला जमली. त्रिशलेनं पांढरीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला वर गेलो. खाली आलो तर कृष्णात बॉनेट खाली करत होता. "पानी बघितलं काका," तो म्हणाला. मग कुलूप नीट लागलंय का ते बघायला मी पुन्हा वर गेलो. खाली आलो तर वस्ताद बॉनेटजवळ धोतराला हात पुसत होते. "हार घातला," ते म्हणाले. हार होताही. मग नारळ फुटला, आणि आम्ही निघालो.

जाताना आरशात थोडा धूर दिसत होता. "धूर येतोय गं."

"मागच्या ट्रकचा असेल," त्रिशला म्हणाली.

मागच्या ट्रकचा धूर पुढच्या गाडीतून कसा येईल, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. उत्तर माहीत होतं.

आजऱ्यात अण्णांनी असं काही स्वागत केलं, की मी तेवढा वेळ घाबरायचंच विसरलो. जेवायला बसलो. आग्रह सुरू. "नको" म्हटलं की एक पोळी, "पुरे" म्हटलं की दोन. ताटावर हात आडवा धरला तर हातावर तूप. अपूर्वा समोर बसली होती, केवढं मोठं पोट घेऊन. तिच्या एका बाजूला आतेसासू म्हणत होत्या, "घट्ट तूप खा, बाळाला ताकद येती." दुसऱ्या बाजूला चुलत सासू म्हणत होत्या, "तूप नगं, पातळ पेज पी, बाळ हलकं ऱ्हातंय." अपूर्वा दोघींकडे बघून हसत होती आणि दोन्ही खात होती. मला तिचा चेहरा जरा ओढलेला वाटला. पण मला सगळेच चेहरे ओढलेले वाटतात, म्हणून बोललो नाही.

लेकीची ओटी भरली. अण्णांनी काजूचा भला मोठा पत्र्याचा डबा मागच्या सीटवर ठेवला. "आणि मगदूमसाहेब, तुमच्या गाडीचं हवा-पानी आमच्या ड्रायव्हरनं बघितलंय. आमच्या दारातनं कोन रिकामं जात न्हाई." मला तो टोमणा वाटला. पण मुराळ्यानं हसायचं असतं, मी हसलो.

आजरा सोडून उत्तूरच्या दिशेनं चढ लागला, आणि पांढरीनं मागे एवढा निळसर धूर सोडला, की आरशात रस्ताच दिसेना. तांबडा दिवा फडफडायला लागला. जळक्या तेलाचा वास. एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि ओरडला, "ओ पावणं, गाडी पेटलीया काय?"

डोळ्यांसमोर जीप, स्कूटर, म्हैस, सगळी फाइल उभी राहिली. फक्त या वेळी क्लेमवर माझ्या लेकीचं नाव होतं. कशीबशी गाडी कडेला घेतली, अपूर्वाला हाताला धरून एसटीच्या शेडमधल्या कट्ट्यावर नेऊन बसवलं आणि मोबाइल काढला. "अँब्युलन्स बोलवू? अग्निशमन? अण्णांची मोठी गाडी? अगं, तुला कसं वाटतंय? दुखतंय का? खरं सांग!"

"पप्पा," अपूर्वा म्हणाली, "पट्टी काढून आणा बघू."

पट्टी काढली. खुणेच्या कितीतरी वरपर्यंत तेल, जवळजवळ मुठीपर्यंत काळंभोर. इंजिनात जेवढं मावतं त्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ते जळून धूर निघत होता आणि फेसाळून दिवा लागत होता. मी हादरलो. कुरुंदवाडला तर खुणेवर होतं, माझ्या डोळ्यांदेखत.

वस्तादांना फोन लावला. "घातलं की!" ते अभिमानानं गरजले. "तुमी आमचंच घातलंय म्हणलासा, मग म्हणलं वरनं जरा आमच्या हातचं. लेकीला आणाय चाललायसा, गाडी उपाशी कशी लावायची?"

कृष्णातला लावला. "काका, थोडंच वतलं. ते बी तुमी नगं म्हणशीला म्हणून न सांगता."

अण्णांना लावला. "आमच्या ड्रायव्हरनं घातलंय, एक नंबरचं! सांगितलं न्हवं, रिकामं कोन जात न्हाई?"

तिघांचा आवाज स्पीकरवर ऐकून अपूर्वा हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ती हसत नव्हती.

"पप्पा, पांढरीचं आणि माझं सेम झालंय बघा. तिकडं कोणी येतंय, घट्ट वाढतंय. दुसरं येतंय, पातळ वाढतंय. सगळे इतके चांगले आहेत, की नको म्हणवत नाही. पण 'पोरी, तुला भीती वाटतीय का?' असं एकानंही विचारलं नाही."

मी तिच्या शेजारी बसलो. "वाटतीय?"

"लई."

'काही होत नाही' असं बाप म्हणतात. मला ते म्हणता आलं नाही, मी क्लेम विभागातला. "मलापण," म्हटलं.

"तेलाची?"

"तेलाचं नुसतं नाव गं. गेला आठवडाभर घाबरतोय ते तुझ्यासाठीच."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग त्रिशला उठली. आम्ही जैन, आणि ती सूर्य मावळल्यावर जेवत नाही. "सूर्य उतरायला लागला. मला उजेड आहे तोवर जेवायला लागतं. रडायचं असेल तर तेल काढून रडा."

इंजिन गार झालं तसा मी पाना घेऊन गाडीखाली गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. लग्नाला घालायचा पांढरा शर्ट अंगात, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघतायत, आणि मी पाठीवर पडून इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट ढिला करतोय. सगळंच तेल सांडलं तर? नट परत बसलाच नाही तर? खाली धरायला भांडं नव्हतं. त्रिशलेनं अण्णांचे काजू पदरात ओतून घेतले आणि डबा आत सरकवला. मी नट सोडायचा, तेल डब्यात पडायचं, मी ओरडायचो, "बास?" त्रिशला पट्टी बघून म्हणायची, "अजून." दूधवाल्यालाही ती हेच म्हणते. शेवटी एकदाची म्हणाली, "बास." मी नट आवळला. शर्ट तर गेलाच. पण इंजिन सुरू केलं तर धूर विरळ झाला आणि दिवा विझला. हळूहळू, प्रत्येक चढाला देवाचं नाव घेत, आम्ही घरी पोचलो. त्रिशलेचं जेवण हुकलं, आणि ते तिनं मला अजून ऐकवायचं थांबवलेलं नाही.

दिवेलागण कधीच होऊन गेली होती, तरी गल्लीत दोन्ही तालमी वाट बघत उभ्या. "कुणाचं त्याल चाललं?" एकच ओरडा.

मी बॉनेट उघडून पट्टी काढली. काजूचा डबा आणून मधोमध ठेवला. आत वस्तादांचं, कृष्णातचं, अण्णांचं आणि कुरुंदवाडचं, सगळं एक होऊन काळं झालेलं. "ओळखा," म्हटलं.

वस्तादांनी बोट घालून चोळलं. बराच वेळ चोळलं. "आमचंच!" म्हणाले.

कृष्णातनं बोट घातलं. "आमचं!"

ईर्षा पुन्हा पेटणार एवढ्यात वस्तादांच्या मागून एक पोरगा दुधाची चरवी घेऊन पुढे आला, आणि कृष्णातची आई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. दोघंही गाडीत बसलेल्या अपूर्वाच्या दिशेनं निघाले. तेव्हा माझ्यात काय शिरलं कोण जाणे. मी तेलाची पट्टी हातात धरून गाडीच्या दाराशी आडवा उभा राहिलो. "थांबा! एक थेंब न्हाई, एक लाडू न्हाई! आधी पोरीला विचारायचं. मग वाढायचं."

मी त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत, आणि ओरडून, पहिल्यांदाच बोललो होतो. वस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उचलून आपटतात. पण ते गाडीच्या खिडकीशी वाकले, घसा खाकरला, आणि जन्मात कुणाला न विचारलेला प्रश्न त्यांनी अडखळत विचारला. "बाळ... काय पायजे तुला?"

"मला जरा झोपायचंय वस्ताद," अपूर्वा म्हणाली. "आणि पप्पांना दाराशी बसू दे."

वस्ताद तालमीकडे वळले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दोन्ही तालमींचे पैलवान आणि फुटबॉलवाले चपला हातात घेऊन, चवड्यांवर, आपापल्या दिशेनं गेले. लाडवांचा डबा कृष्णातच्या आईनं परत नेला. मला त्यातला एक हवा होता, पण माझ्या तोंडानं मीच दार लावलं होतं.

अपूर्वा आतल्या खोलीत आडवी झाली. मी शर्ट न बदलता उंबऱ्याशी बसलो, पट्टी अजून हातातच.

"पप्पा, अजून घाबरलायसा काय?" आतून आवाज आला.

"व्हय," म्हटलं.

"मग बसा," ती म्हणाली, आणि झोपली.